अस्तरातली नावं

पहिल्या भेटीत इंदूआक्कांनी माझं नाव विचारलं नाही. पुढे आल्या, माझ्या कुडत्याचं खालचं टोक चिमटीत धरून उलटं केलं, चष्मा कपाळावर सारून शिवण बघितली आणि म्हणाल्या, "सांगलीचं शिवान न्हाई ह्ये. साताऱ्याकडचा कुनीतरी हाय. टीप सरळ हाय गड्याची, पर दुमड घाईत मारलीय."

कुडता साताऱ्यातच शिवला होता. पण मला कौतुक वगैरे काही वाटलं नाही, रागच आला. चारचौघांत ओळखपाळख नसलेल्या बाईनं आपला कपडा उलटा करून बघायचा म्हणजे काय! नाट्यमंडळातल्या बाकीच्यांना मात्र त्याचं काहीच नव्हतं. "आक्का सगळ्यांचंच बघतात," म्हणाले. आणि खरंच बघायच्या. एकदा उद्घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्याच्या जाकिटाचं टोक उलटून, "आतनं दोरं लोंबत्यात सायेब, कापून घ्या," असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

मी तिथे गेले होते ती एका योजनेपायी. विद्यापीठातल्या कला शाखेच्या संशोधकांनी आणि गावोगावच्या सांस्कृतिक संस्थांनी मिळून काम करावं, त्यासाठी अनुदान मिळेल, अशी ती योजना. अर्जातला एकूण एक शब्द अजून पाठ आहे मला. सहयोग, सहभाग, सहनिर्मिती. आज यातला एखादा शब्द कुणी भाषणात उच्चारला तरी मी उठून बाहेर जाते. आमचे प्रकल्पप्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो आणि इथेही तेवढंच पुरे, त्यांनी विषय निवडला होता सांगलीच्या एका जुन्या हौशी नाट्यमंडळाचे कपडे. मी त्यांची प्रकल्प साहाय्यक. मंडळ आमचं 'भागीदार'. आणि मंडळाच्या वतीने आमच्याशी समन्वय साधणारी व्यक्ती म्हणून अर्जात नाव होतं इंदूआक्कांचं, कारण पेट्यांच्या किल्ल्या त्यांच्या कनवटीला होत्या.

नाटकाचे कपडे ठेवायची, काढायची, सांभाळायची जी सगळी व्यवस्था असते तिला कपडेपट म्हणतात. मंडळाचा कपडेपट म्हणजे इंदूआक्का. वडील माधवनगरला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात आलेल्या शिलाईमशिनवर ही पोरगी बसली ती बसलीच. नवरा फौजेत होता, वर्षातून एकदा यायचा. मूलबाळ नाही. मंडळात कुणाचं तरी पोलकं उसवलं म्हणून एकदा बोलावलं आणि त्या तिथल्याच झाल्या. बोलणं फटकळ. कुणी कपडा घामट म्हणून नाक मुरडलं की म्हणायच्या, "घाम न्हाई यायचा तर काय अत्तर यील? काम करनाऱ्याच्या अंगाला वास येनारच. बसून खानाऱ्याच्या न्हाई यायचा."

त्यांचा एक नियम होता. ज्यानं कपडा घातला त्याचं नाव त्या कपड्याच्या अस्तरात. लाल दोऱ्यानं, बारीक टाक्यांत, एकाखाली एक. राजाचा मखमली डगला उघडला तर आत पाठभर नावं. वकिलाच्या काळ्या कोटात नावं. राणीच्या जरीच्या पोलक्याला आतून हात लावला की बोटांना गाठी लागायच्या, सगळी नावंच.

"हस्तपत्रकात छापतात की नावं," मी एकदा म्हणाले.

"छापत्यात व्हय? कुनाची?" आक्का उसळल्या. "नायकाची छापत्यात. आनि बायांची तर खोटीच छापत्यात. घरात कळलं तर टंगडी मोडतील म्हनून कुसुमची सुलोचना करायची, मालतीची सुनंदा करायची. खरं नाव कुटं हाय? ह्ये हितं हाय." आणि पोलक्याचं अस्तर त्यांनी माझ्यापुढे पसरलं.

मी संशोधक होते हो! माझ्यासमोर एक अख्खा इतिहास लाल दोऱ्यात पडलेला होता आणि जगात दुसरीकडे कुठे तो लिहिलेला नव्हता. इतकं मला तेव्हाही कळत होतं. म्हणून पुढचं सगळं सांगताना स्वतःचीच शिसारी येते.

त्या नावांतल्या मालतीला मी प्रत्यक्ष पाहिलं. इस्लामपूरच्या मालतीबाई. आता नातवंडं आहेत, उसाचं शिवार आहे, घरात मोठा दरारा आहे. लग्नाआधी सांगलीत मामांकडे राहत असताना त्यांनी तीन प्रयोगांत राणी केली होती. हस्तपत्रकावर 'कु. सुनंदा'. सासरी कुणालाही पत्ता नाही. दर वर्षी दसऱ्याच्या आधी त्या कापड घ्यायला म्हणून सांगलीला यायच्या आणि मंडळात येऊन ते पोलकं मांडीवर घ्यायच्या. अस्तरातल्या आपल्या नावावरून एकदा बोट फिरवायच्या, चहा प्यायच्या आणि जायच्या. आक्का आणि त्या फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मी तिथेच बसले होते. मालतीबाई माझ्याकडे बघून ओशाळं हसल्या आणि म्हणाल्या, "खुळ्यावानी वाटत आसंल न्हवं तुमाला? पर वर्साचं येकदा बघितलं की बरं वाटतं बगा. झालं हुतं त्ये खरंच झालं हुतं म्हनून."

आमचं काम सुरू झालं. प्रत्येक कपड्याचा एक तक्ता भरायचा: नाव, मापं, रंग, कापड, अंदाजे काळ, छायाचित्र. छायाचित्राच्या रकान्यात आधीच छापलेलं, 'दर्शनी बाजू'. मांडायचे पुतळे अजून यायचे होते, म्हणून राणीचं पोलकं मीच घातलं आणि उभी राहिले. फोटो झाला. दुसऱ्या दिवशी बघते तर अस्तरात शेवटचं नाव माझं.

"अहो आक्का, मी कुठे नाटकात काम केलं?"

"अंगाला लागलं न्हवं? मग झालं."

त्या दिवशी मी घरी जाऊन आईला फोन करून सांगितलं. कधी नव्हे ते एवढा आनंद झाला होता.

मग मी सरांकडे गेले. म्हटलं, सर, अस्तरांचे फोटो घ्यायला हवेत, खरी माहिती आत आहे. सर फोनवर बोट फिरवत ऐकत होते. "इंटरेस्टिंग आहे," म्हणाले. "पण आपल्या मंजूर आराखड्यात ते नाही. पुढच्या टप्प्याच्या अर्जात टाकू." बाहेर आल्यावर मी काय करायला हवं होतं? खिशात फोन होता. पेट्या माझ्यासमोर उघड्या होत्या. एका दुपारचं काम! पण आज तक्ते, उद्या अहवालाचा मसुदा, परवा सरांचं सादरीकरण, असं करत मी उद्यावर टाकत गेले. पाट्या टाकायचं काम मात्र वेळेवर चाललं होतं.

फेब्रुवारी सरता सरता आक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला गेल्या. जाताना कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "उगड पेट्या, तुजं काम कर. पर कुटल्या अस्तराला कात्री-बित्री लावू नगंस. फाटलं आसंल तर मी आल्यावर बगीन."

"नाही लावणार," मी म्हणाले.

चार दिवसांनी सर आले. मार्चअखेरीच्या आत या कपड्यांचं प्रदर्शन व्हायला हवं होतं, अनुदान देणाऱ्या समितीतले प्रमुख पाहुणे येणार होते, आणि पुतळ्यांवर कपडे चढवल्यावर गळ्यातून, बाह्यांतून मळकी अस्तरं दिसत होती. सरांनी नाकाला रुमाल लावला. "हे असं कळकट आपण पाहुण्यांना दाखवायचं? संवर्धनासाठी तरतूद आहे ना आपल्याकडे, ती वापरली नाही तर परत जाईल." मी म्हणाले, सर, आक्का नाही म्हणाल्यात. सर हसले. त्या हसण्याची आजही किळस येते मला. "अगं, भागीदार संस्था आहे ती. तज्ज्ञ आपण आहोत."

दुपारी टेलरची गाडी आली. पेट्या मी उघडल्या. कपडे मी मोजून दिले. टेलरनं सगळी अस्तरं उसवून नवीन पिवळं सॅटिन लावलं, आणि कपडे धुलाईला जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून परत आले. तक्त्यात शेवटचा रकाना होता, 'संवर्धन'. त्यात मी प्रत्येक ओळीला 'पूर्ण' असं लिहिलं. माझ्याच हस्ताक्षरात आहे ते. विद्यापीठाच्या कपाटात कुणालाही बघायला मिळेल.

आक्कांना कुणीच काही कळवलं नव्हतं. म्हणजे, मी कळवलं नव्हतं. त्या प्रदर्शनाच्या दिवशी थेट आल्या, डोळ्याला काळा चष्मा, लुगडं इस्त्रीचं. दारातच सरांनी त्यांना ओढून व्यासपीठावर नेलं. शाल, श्रीफळ, टाळ्या. आक्कांनी सवयीनं शालीचं टोक उलटलं, बघितलं आणि घडी घातली. मग खाली उतरल्या आणि सरळ राणीच्या पुतळ्याकडे गेल्या. सगळे बघत असताना त्यांनी पोलक्याच्या गळ्यातून आत हात घातला.

हात आतच राहिला. बराच वेळ. नंतर त्या डगल्याकडे गेल्या. मग कोटाकडे. प्रत्येक कपड्यात हात घालून बघत होत्या, आणि मागे फोटोवाला 'मॅडम, जरा इकडे' करत होता.

शेवटी माझ्याजवळ आल्या. "हितली मानसं कुटं गेली गं?"

मी सरांकडे बघितलं. सर पुढे झाले, "आक्का, नवं अस्तर टाकलंय सगळ्यांना. सॅटिन! बघा तरी कसं चकाचक दिसतंय."

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांना हौस आली आणि त्यांनी राजाचा डगला अंगावर चढवून फेटा बांधून घेतला. फोटो निघाले, हशा झाला. हशा थांबल्यावर आक्का त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "नाव काय म्हनायचं आपलं? पुरं सांगा."

पाहुणे खूश. नाव सांगितलं, वर खिशातलं कार्ड दिलं.

"डाक्टर लावू का म्होरं?"

"लावा की!" पाहुणे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का मंडळात येऊन बसल्या आणि लाल दोऱ्यानं त्यांनी डगल्याच्या सॅटिनमध्ये ते नाव घातलं. डॉक्टर लावून. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पुसत होत्या आणि टाके घालत होत्या. मी म्हणाले, "आक्का, आता कशाला?" तर म्हणाल्या, "घातलाय न्हवं त्यांनी? मग यायला नगं? नेम हाय." एवढ्या माणसांनी त्या डगल्यात राजे केले, आणि आज तो उघडला तर आत एकच नाव सापडतं, तेही दोन मिनिटं फोटो काढलेल्या माणसाचं.

प्रकल्पाच्या पूर्तता अहवालावर भागीदार संस्थेची सही लागत होती. सर आणि मी माधवनगरला आक्कांच्या घरी गेलो. आक्कांनी पाणी दिलं, अहवाल माझ्याकडून सगळा वाचून घेतला आणि विचारलं, "अस्तरं काडून टाकली, त्ये कुटं हाय ह्यात?"

"तसं लिहिता येत नाही आक्का," सर समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्यासाठी रकानाच नाही."

"मग वहीच्या कागदावर लिवा आनि टाचनी मारा. आमी नावं काडून टाकली, आमाला वास येत हुता म्हनून काडली. लिवा तसं. लगेच करते सई."

सर उठले. बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाले, "अडाणी लोकांबरोबर काम करायचं म्हणजे असं असतं बघ." मी त्यांच्या मागोमाग चालू लागले. संध्याकाळपर्यंत मंडळाच्या अध्यक्षांनी सही करून दिली. अहवाल न वाचता. योजनेच्या माहितीपत्रकात आता आमचा प्रकल्प आदर्श सहयोग म्हणून छापलेला आहे, फोटोत आक्का शाल घेऊन उभ्या आहेत.

मी टेलरकडे गेले होते, हे सांगायलाच हवं, नाहीतर वाटेल काहीच केलं नाही. त्यानं हात वर केले. "त्या चिंध्या व्हय? मशीन पुसली, उरल्या त्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. मला काय माहीत बाई, सांगितलंत का कुनी?" कुणीच सांगितलं नव्हतं. त्याच्यावर चिडायलाही मला जागा नव्हती.

दसऱ्याच्या आधी मालतीबाई आल्या. तोपर्यंत प्रकल्प संपला होता, पण मी अधूनमधून मंडळात जात होते. का, ते मलाही सांगता येणार नाही. मालतीबाई बसल्या, पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "काडता न्हवं?"

आक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. हलल्या नाहीत. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "तू सांग तिला."

मला सगळे शब्द येत होते. तुमचं नाव आम्ही काढून टाकलं. पेट्या मी उघडून दिल्या. अशी चार वाक्यं होती. मालतीबाईंनी माझ्याकडे वर बघितलं, हात मांडीवर तयार, आणि माझ्या तोंडून आलं, "धुलाईला दिलंय. अजून आलं नाही."

"आगं बया. मग आता?"

"पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणाले.

मालतीबाई बिचाऱ्या हसल्या, चहा प्यायल्या, माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि गेल्या. दार लागल्यावर मी आक्कांकडे बघितलं. त्या शिव्या देतील असं वाटत होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मशिनवर झाकण घातलं आणि म्हणाल्या, "जा घरी."

त्यानंतर आक्कांनी मंडळ सोडलं. डोळ्यांचं काही खरं राहिलं नव्हतं, भाच्यानं त्यांना साताऱ्याला नेलं. काही महिन्यांनी धीर करून मी गेले. भाच्याचं घर शाहूपुरीत, जिन्याखालच्या खोलीत आक्का. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक हातात घेतलं, उलटून चाचपलं आणि म्हणाल्या, "बस. वही आनलीस?"

आणली होती. कसं ओळखलं कुणास ठाऊक.

"लिव. वकिलाचा कोट." आणि डोळे मिटून त्या नावं सांगू लागल्या. वरून खाली, ज्या क्रमानं शिवली होती त्या क्रमानं. मधेच थांबायच्या, बोटं हवेत हलवायच्या, जणू अस्तर समोर आहे, आणि पुढचं नाव यायचं. काही आली नाहीत. "हितं येक हुता, पोस्टातला. उंच हुता. नाव न्हाई येत. जागा सोड." मी जागा सोडत गेले. असं चार रविवार चाललं. मी तोवर वाईला राहायला आले होते, तिथून सकाळच्या एसटीनं जायची आणि दुपारपर्यंत लिहायची. त्या रविवारांत एकदा मी विचारलं, "मालतीबाईंना कळलं का?"

"सांगितलं की. मीच गेले हुते इस्लामपूरला, भाच्याला घिऊन."

"काय म्हणाल्या?"

"काय म्हननार? घरात सगळी हुती. च्या केला. दारापातूर सोडाय आली तवा रडली."

शेवटच्या रविवारी राणीचं पोलकं राहिलं होतं. मुद्दाम ठेवलं असावं. आक्का एकेक नाव सांगत गेल्या. कुसुम. शालन. मालती. आणखी काही. मग थांबल्या. मी पेन धरून बसले होते. मला माहीत होतं पुढे काय आहे.

"झालं," आक्का म्हणाल्या.

"आक्का, शेवटी एक होतं."

"हुतं."

"विसरलात?"

"इसरले न्हाई." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांना किती दिसत होतं, देव जाणे. "सांगत न्हाई. जागा बी सोडू नगंस."

रागानं म्हणाल्या नाहीत. मी वही मिटली, त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखाच.

आक्का त्यानंतर आलेल्या पावसाळ्यात गेल्या. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. भाच्यानं त्यांची शिवणाची डबी मला द्यायला ठेवली होती. आत सुया, लाल दोऱ्याचं रीळ आणि त्या प्रमुख पाहुण्यांचं कार्ड. मंडळाला मी वहीची एक प्रत दिली. अध्यक्षांनी ती चाळली आणि पुढच्या अनुदानाच्या अर्जाला जोडता येईल का, असं विचारलं. मी सरळ नाही म्हणाले. आयुष्यात एकदा तरी वेळेवर म्हणाले. दुसरी प्रत मी इस्लामपूरला मालतीबाईंच्या हातात दिली आणि दारातच उभी राहून ती चार वाक्यं त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. घरात बोलावलं नाही.

मूळ वही माझ्या टेबलावर आहे. राणीच्या पोलक्याचं पान कधी कधी उघडते. शेवटच्या नावाखाली भरपूर कोरी जागा आहे आणि पेन हाताशीच असतं. आजवर तिथे काही लिहिलेलं नाही.